शिकारीचं जॅकेट फिटिंगमध्ये

हरीण सोलायचा सुरा माझ्या हातात होता आणि तो मी माझ्या एकुलत्या एका मुलाच्या काखेत घातला होता. वरून अर्धा पाऊस आणि अर्धा बर्फ पडत होता. मुलगा थरथरत होता, त्यामुळे सुराही हलत होता.

"महेश, हलू नकोस."

"मी न-नाही हलत, आई. थंडी ह-हलवतेय."

"मग थंडीला सांग!"

समोरच्या उतारावर एक भलंमोठं हरीण उभं राहून आमच्याकडे बघत होतं. शिंगं अशी की एकेका टोकाला एकेक टोपी अडकवावी! ज्याला मारायला आम्ही इतक्या लांब आलो होतो ते हेच. बंदूक बाजूच्या दगडावर पडली होती आणि आम्हा दोघांपैकी कुणालाही तिच्याकडे बघायला सवड नव्हती. (म्हातारी बाई माणूस सोलतेय हे दृश्य त्या हरणाने आधी कधी पाहिलं नसणार. म्हणून थांबलं असेल.)

आता मी मुलाला सोलत नव्हते, उसवत होते. हा फरक महत्त्वाचा आहे. मी शिवणकाम करणारी बाई. चौथीनंतर शाळा सुटली, हातात मशीन आलं, आणि मंचरच्या निम्म्या बाजारपेठेची पोलकी, झबली, शाळेचे गणवेश मी शिवले. माझी शिवण उसवली म्हणून एकही गिऱ्हाईक आजवर परत आलेलं नाही. हे मी मोठ्या अभिमानाने सांगत आले. त्या दिवशी डोंगरावर ती शिवण लवकर उसवावी म्हणून मी सगळ्या देवांना हाका मारत होते, आणि ती उसवत नव्हती!

हे असं झालं ते कपड्यांमुळे.

महेश ख्राइस्टचर्चला इंजिनियर आहे. भूकंपानंतर तिथे पाडायचं आणि बांधायचं काम इतकं निघालं की इंजिनियर लोकांना जेवायला वेळ नव्हता. माझा मुलगा तेवढ्यातही शिकारीला वेळ काढायला लागला. त्याच्या साइटवरचा कॉलिन नावाचा फोरमन आहे, त्याने हे वेड लावलं. मंचरला असताना कोंबडी कापायची वेळ आली की हा मुलगा डोळे मिटून अंगणात जायचा. इथे येऊन म्हणतो, "आई, मी हरीण आणणार. ताजं मटण. तू रस्सा कर."

"आण," मी म्हटलं. "खोबरं भाजून ठेवते."

बंदूक यायच्या आधी कपडे आले. एका शनिवारी त्याने बैठकीत सगळे मांडले. लग्नात रुखवत मांडतात तसे! आणि मला आणि सुनेला समोर बसवून समजावून सांगायला लागला.

"हे बघ आई, हा पहिला थर. मरीनोची लोकर. अंगाला चिकटून घालायचा. हा घाम ओढून बाहेर टाकतो."

"बरं."

"हा दुसरा, फ्लीस. आणि हे पिसांचं जॅकेट. हे ऊब धरून ठेवतात. आणि हे सगळ्यात वरचं. हे वारा आणि पाऊस अडवतं."

"घाम हा ओढणार, ऊब तो धरणार, पाऊस ते अडवणार. मग तू काय करणार?"

सून खुदकन हसली. शर्वरी नर्स आहे, इथल्या हॉस्पिटलात. हसली तरी लगेच नर्ससारखी बोलायला लागली.

"अहो आई, पण ते खरं आहे. डोंगरावर चढताना घाम येतो, तेव्हा कपडे कमी ठेवायचे. वर जाऊन बसलं की तो घाम थंड पडतो, तेव्हा सगळे अंगावर घालायचे. आमच्याकडे असे हंटर्स आणतात ना, गारठलेले. थरथरतोय तोवर ठीक असतं. थरथर थांबली आणि माणूस म्हणायला लागला की आता बरं वाटतंय, तर समजायचं, गेलं प्रकरण."

"म्हणजे चढताना कपडे काढायचे आणि बसल्यावर घालायचे?"

"हो."

"आपल्याकडे माणूस घरी येऊन बसला की कपडे काढतो."

"आई, ऐक ना नीट," महेश म्हणाला. पण मी आता ऐकत नव्हते. माझं लक्ष त्या वरच्या जॅकेटवर गेलं होतं. सेलमध्ये मिळालं म्हणून त्याने सगळ्यात मोठं माप उचललं होतं. अंगात घातलं की खांदे कोपरापर्यंत यायचे. कमरेला इतका घोळ की त्यात मीही मावले असते!

"हे कुणाचं आणलंस?"

"माझंच आहे. लूज पाहिजे असतं. आत थर जातात."

"हे लूज नाही, हा तंबू आहे. दे इकडे, फिटिंगमध्ये आणते."

"आई, नाही! वॉटरप्रूफला सुई लावायची नाही. प्रॉमिस कर."

मी काही प्रॉमिस केलं नाही. प्रॉमिस हा शब्द आमच्या चौथीपर्यंतच्या पुस्तकात नव्हता.

सोमवारी दोघं कामाला गेली आणि मी मशीनचं झाकण काढलं. (मशीन मी भारतातून आणलं नाही. इथे रिकार्टन भागातल्या एका पंजाबी बाईकडून जुनं घेतलं आणि तेल घालून असं केलं की तिला परत घ्यावंसं वाटलं.) कापड कसलं निसरडं! सुई घसरत होती. मी चामड्याची सुई लावली, नायलॉनचा दोरा ओवला आणि काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी दुहेरी टीप मारली. पाठीत दोन चुण्या घेतल्या. बाह्या आत घेतल्या. कापलं काही नाही. आतलं कापड तसंच दुमडून कडेला भरपूर माया सोडली. ही माझी सवय. पोराचा शर्ट असो की नवरीचं पोलकं, अंग कधी भरेल सांगता येत नाही.

संध्याकाळी महेश आला, जॅकेट पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"आई! काय केलंस हे! भोकं पडली ना सगळीकडे!"

"भोकं दोऱ्याने भरली. घालून तर बघ."

"वॉटरप्रूफ आहे ते, आई! होतं!"

"घाल म्हणते ना."

घातलं. आरशासमोर उभा राहिला. रागातच होता, पण जरा बाजूला वळला. मग दुसऱ्या बाजूला वळला. मग पोट आत घेतलं.

"शर्वरी," त्याने हाक मारली, "तसं बरं दिसतंय ना?"

शर्वरी स्वयंपाकघरातून आली, बघितलं आणि म्हणाली, "दिसतंय भारी. पण आत काय जाणार?"

"मरीनो जाईल. फ्लीस जाईल."

"आणि पिसांचं?"

"बघू," महेश म्हणाला, आणि पुन्हा आरशात बघायला लागला. तेव्हा सगळा दोष माझ्या एकटीवर घालायचा नाही. आमच्या घराण्यात देखणेपणाची हौस आधीपासून आहे. ह्याचे वडील शेतावरसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे.

पुढचा घोटाळा बनियनचा. मरीनो अंगाला लागूनच घालायचा, त्याच्या आत काही नको, असं हा बघायचा त्या शिकारीच्या सगळ्या व्हिडिओंत सांगितलं होतं. पण आमच्यात बनियनशिवाय पुरुष म्हणजे अर्धा उघडाच. महेशलाही तसंच वाटतं. जाण्याच्या सकाळी त्याने सवयीने आधी सुती बनियन चढवलं, मग त्यावर मरीनो. मी पाहिलं आणि मला बरंच वाटलं.

"टोचत नाही ना लोकर?"

"नाही, आत बनियन आहे."

"शहाणा!" मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

मी बरोबर का गेले, तर शर्वरीला शनिवार-रविवारची ड्यूटी होती आणि भूकंपापासून मला घरात एकटीला ठेवायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. मला भूकंपाची भीती वाटत नव्हती. त्यांना मात्र मला भूकंपात ठेवायची भीती वाटत होती. मग शर्वरीने मलाही थर चढवले. मरीनो, फ्लीस, पायात तिची लोकरी लेगिंग, वर माझं लुगडं, त्यावर तिचा लांब रेनकोट आणि डोक्याला माकडटोपी. मी आरशात बघितलं नाही. माझ्या वयात आरशाने आपल्याकडे बघून घ्यावं.

कॉलिन रस्त्यात गाडीत बसला. हाफ पँटमध्ये! आत लांब काळी थर्मल आणि वरून हाफ पँट. हे इथल्या माणसांचं शिकारीचं सोवळं.

"किआ ओरा, मम!" तो मला म्हणाला. किआ ओरा म्हणजे इथला नमस्कार, आणि मला तो मम म्हणतो. मी त्याला कॉलिन म्हणते आणि मराठीत बोलते. आमचं छान जमतं.

त्याने महेशचं जॅकेट पाहिलं आणि शीळ घातली. "फ्लॅश, मेट! व्हेरी फ्लॅश!" म्हणजे एकदम झोकदार.

"मी शिवलंय," मी सांगितलं. महेशने ते इंग्रजीत सांगितलं नाही. मग मी स्वतःच सुई-दोऱ्याची खूण करून दाखवली. कॉलिनच्या तोंडावरचं हसू जरा वेगळं झालं. तेव्हा मला वाटलं, त्याला हेवा वाटला.

कॉलिनच्या चुलतभावाचं मेंढ्यांचं रान आहे, डोंगरापर्यंत पसरलेलं. त्याच्या टोकाला पत्र्याची एक खोली. मेंढपाळ जुन्या काळी तिथे राहायचे. चूल, बाकडी, खिडकी, एवढंच. ते दिवस हरणांच्या माजाचे. इथे त्यांना एप्रिलमध्ये माज येतो. डोंगरातून असा आवाज येत होता जसं कुणी म्हशीला विहिरीत उतरवतंय! कॉलिनचा सल्ला साधा होता. एकेका माणसाने एकेका जागी जाऊन गप्प बसायचं. वारा समोरून हवा. हलायचं नाही. हरीण आपण होऊन येतं. त्याने महेशला वरच्या खडकाची जागा दाखवली, स्वतः पलीकडच्या घळीत गेला, आणि जाताना बोट वर करून म्हणाला की चढताना थंडी वाजली पाहिजे. गरम वाटत असेल तर कपडे जास्त झाले.

तो गेल्यावर महेशने आवरायला घेतलं. मरीनो, फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, आणि त्यावर माझं फिटिंगचं. अर्धी चेन लागली आणि थांबली. हात दोन्ही बाजूंना असे उभे राहिले की शेतात नेऊन ठेवला असता तर पाखरं आली नसती.

"आई, हे आत मावत नाही."

"पिसांचं काढ मग."

"वर गेल्यावर लागेल ते."

"वर जाऊन काय करणार आहेस?"

"बसणार आहे."

"नुसतं बसायला कशाला एवढे कपडे? श्रम करणाऱ्याला ऊब लागते. ठेव इथेच!"

आता हे बोलताना मी इतक्या ठाम आवाजात बोलले की इंजिनियर माणसाने ऐकलं. शर्वरीने समजावून सांगितलं होतं, व्हिडिओंत सांगितलं होतं, कॉलिन तर आत्ता बोट वर करून गेला होता! पण आईचा आवाज वेगळा. जॅकेट बाकड्यावर राहिलं आणि महेश कडक फिटिंगमध्ये डोंगर चढायला लागला. मी दारात उभी राहून बघत होते. मागून काय रुबाबदार दिसत होता! पाठीतल्या दोन्ही चुण्या सरळ रेषेत.

मग मी खिडकीशी बसले. चूल पेटवली नव्हती. धुराच्या वासाने हरणं पळतात म्हणून कॉलिनने संध्याकाळशिवाय पेटवू नका असं सांगितलं होतं. बसले. थोडा वेळ बरं वाटलं. मग पायाची बोटं गार झाली. मग गुडघे. दक्षिणेकडून वारा फिरला, आणि इथे दक्षिणेचा वारा म्हणजे थेट बर्फावरून आलेला! पत्रा वाजायला लागला. पाऊस आला, आणि थोड्या वेळाने त्या पावसात पांढरं दिसायला लागलं. मी आत होते, छपराखाली होते, माझ्या अंगावर सगळे थर होते, काही न करता नुसती बसले होते, आणि माझे दात वाजत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बसणाऱ्यालाच थंडी वाजते!

पिसांचं जॅकेट बाकड्यावर फुगून बसलं होतं. ते मी आमच्या तांदळाच्या पिशवीत कोंबलं. (रिकार्टनच्या दुकानातली जाड प्लॅस्टिकची पिशवी. ती मी टाकू देत नाही, आणि त्यावरून घरात बोलणी खाल्ली आहेत.) कॉलिनने दारामागे नारिंगी रंगाचा बिनबाह्यांचा कोट टांगला होता, तो रेनकोटवर चढवला, म्हणजे कुणी मला हरीण समजू नये. लुगडं खोचलं आणि निघाले. वय बहात्तर. गुडघे दोन, दोन्ही कुरकुरणारे.

त्या चढाला वाट अशी नाही. गवताचे उंच उंच झुपके आहेत, त्यांना धरून चढायचं. मी धरले आणि चढले. मंचरला आमचा मळा काही सपाट नव्हता! मध्ये दोनदा बसले आणि दोनदा स्वतःला शिव्या घालून उठले. बंदूकवाल्या माणसाकडे मागून गुपचूप जायचं नाही एवढं मला कळत होतं. म्हणून खडक जवळ आला तशी मी ओरडायला लागले.

"महेश! ए महेश! मी आहे रे! गोळी मारू नकोस!"

शिकारीची शांतता म्हणतात ती तिथेच संपली. एरवी त्याने डोळे वटारले असते. ह्या वेळी नुसतं वळून बघितलं. ओठ जांभळे. नाकाचं टोक पांढरं.

"आई, तू? तू क-कशाला?"

"जॅकेट आणलं."

"म-मी ठीक आहे. स्वीट ॲज."

"बघतेय मी तुझं स्वीट!"

मी त्याच्या पाठीला हात लावला आणि सगळं समजलं. चढताना घामाने बनियन भिजलं होतं. आधी सुती, त्यात घट्ट जॅकेट, घाम जाणार कुठे? आणि वरून माझ्या टिपांच्या प्रत्येक भोकातून पाणी आत आलं होतं. दोन्ही काखा ओल्या, पाठीतल्या दोन चुण्यांवरून दोन पाट वाहत होते. सरळ रेषेत!

"काढ हे."

त्याला चेन धरता येईना. बोटं लाकडाची झाली होती. मी धरली. कापड ताणून चेनीत अडकलेलं, आतली लोकर पाण्याने फुगलेली. चेन बोटभर आली आणि बसली. वर होईना, खाली होईना. डोक्यावरून ओढून बघितलं तर काखेत अडकलं आणि त्याचा एक हात वर तसाच राहिला, शाळेत उत्तर येतं म्हणून पोर हात वर करतं तसा.

"आई, हात-"

"कळलं. सुरा कुठाय?"

"क-कसला?"

"हरणाचा!"

सुरा पट्ट्यात होता. बंदुकीतली गोळी आधी त्याच्याकडून काढवून घेतली, तेवढं त्याला अजून जमत होतं. मग मी टोक काखेतल्या शिवणीत घातलं. आणि इथे तुम्ही मला सुरुवातीला भेटला होतात.

पहिला टाका तुटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी एक पोलकं शिवलं असतं. दुहेरी टीप, नायलॉनचा दोरा, आणि सुरुवातीला उलट-सुलट फिरवून मारलेली गाठ! एवढं चांगलं काम कशाला केलं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. हरीण बघत होतं. मी एकेक टाका कापत होते. आणि मग सुरा हलायचा थांबला.

मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की सुरा मी हलवत नव्हते, तो हलवत होता. त्याची थरथर थांबली होती.

"आई," तो म्हणाला, आणि आवाज अगदी शांत. "आता बरं वाटतंय गं."

शर्वरीने हेच सांगितलं होतं. मी त्याच्या थोबाडीत मारली.

"आई!"

"एकोणतीसचा पाढा म्हण."

"काय?"

"म्हण! एकोणतीस एके?"

"एकोणतीस."

"दुणे?"

"अठ्ठावन्न."

"त्रिक?"

तो थांबला. समोरच्या हरणाकडे बघितलं, जणू ते सांगणार होतं.

"नव्वद?"

"नव्वद! सत्त्याऐंशी! इंजिनियर ना रे तू? अशाने पूल बांधतोस? लोक जातात त्यावरून! पुढे म्हण!"

तो म्हणत होता, चुकत होता, मी शिव्या देत होते आणि टाके कापत होते. उजवी बाजू काखेपासून कमरेपर्यंत सुटली. मग डावी. मग बाह्या आणि पाठीतल्या चुण्या. सगळं सुटल्याबरोबर चेन आपोआप सैल झाली आणि खाली आली. जॅकेट काढलं, फ्लीस काढलं, मरीनो काढला, आणि ते बनियन! ते मी सोलूनच काढलं, हा शब्द इथे बरोबर आहे. बेचाळीस वर्षांचा मुलगा बर्फात उघडा. माझ्या रेनकोटाखाली पदर कोरडा होता, त्याने त्याचं अंग खसाखसा पुसलं. लहानपणी आंघोळीनंतर पुसायचे तसं नाही, भांडं घासतात तसं.

मग माझ्या अंगातला शर्वरीचा फ्लीस काढून त्याला घातला. जांभळा, त्यावर फुलं. त्यावर पिसांचं जॅकेट. आणि आता वरचं. मला वाटलं, हे गेलं कामातून. पण मी कापड कापलं नव्हतं! दुमडलेलं सगळं बाहेर आलं आणि ते पुन्हा जसंच्या तसं तंबूच्या मापाचं झालं. पिसांच्या जॅकेटवरून खुशाल बसलं, चेन गळ्यापर्यंत गेली. वारा अडला. भोकांतून थोडं पाणी यायचं, येऊ दे. कुणी मला विचारलं की तुम्ही आयुष्यात सगळ्यात चांगलं काय शिवलं, तर मी सांगते की जे शिवताना मी काही कापलं नाही ते.

माझी माकडटोपी त्याच्या डोक्यावर गेली. तोंडात गुळाचा खडा कोंबला, तो माझ्या कनवटीला नेहमी असतो. पाढा चालूच. एकोणतीस नव्वेपर्यंत आलो तेव्हा त्याचे दात पुन्हा वाजायला लागले. इतका सुंदर आवाज मी ऐकलेला नाही! हरीण तेवढा वेळ उभं होतं. मग एकदा म्हशीसारखं ओरडलं आणि कंटाळून निघून गेलं.

उतरताना मी पुढे आणि तो मागे, त्याचा हात माझ्या खांद्यावर. बंदूक माझ्या गळ्यात. घसरलो, बसलो, लोळलोही एका जागी, पण खोलीशी पोहोचलो. चूल पेटवली. आता हरणांना वास गेला तर जावो! पाणी गरम केलं, त्यात साखर घातली आणि त्याला पाजलं. तो पीत होता आणि मी त्याचं बनियन पिळून पाण्याचा पाट काढत होते, तेवढ्यात कॉलिन धावत आला. ओरडणं त्याला पलीकडच्या घळीपर्यंत ऐकू गेलं होतं. त्याला वाटलं होतं, कुणी तरी मेलं.

त्याने महेशकडे पाहिलं. जांभळी फुलं, माकडटोपी, उसवलेलं जॅकेट आणि लोंबणारे दोरे. मग माझ्याकडे पाहिलं. गळ्यात बंदूक, कमरेला सुरा.

"गुड ऑन या, मम," तो हळूच म्हणाला. आणि मग जरा थांबून, बंदूक माझ्या गळ्यातून काढून घेतली.

घरी शर्वरी आम्हाला घ्यायला दारात उभी होती. महेशचे डोळे, बोटं, नखं सगळं तपासलं, मग आम्हा दोघांना समोर बसवून असं बोलली की मला पुन्हा थंडी वाजायला लागली. महेश पूर्ण बरा झाल्यावर त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. मराठी मंडळाच्या जेवणात तर माइक हातात घेऊन सांगितली. म्हणाला, "माझ्या आईने बहात्तराव्या वर्षी डोंगर चढून माझा जीव वाचवला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले आणि त्या घेतल्या. का घेऊ नये? चढले मी होते.

शर्वरी शेजारी बसली होती. ती टाळ्या वाजवता वाजवता माझ्या कानात म्हणाली, "आणि आई, त्याला आधी मारायला कुणी घेतलं होतं, ते पण सांगू का माइकवर?"

"बस खाली," मी म्हटलं.

तर डोंगरावर गेलो आम्ही तिघं होतो, महेश, मी आणि कॉलिन. हरीण धरून चौघं. चौघंही जगलो.